जुन्या आवृत्त्यांचा डबा

डबा म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर पोळ्यांचा नाहीतर लाडवांचा डबा येणार. मी तसला नाही. मी फ्लॉपी ठेवायचा डबा बोलतोय. फ्लॉपी म्हणजे काळ्या पातळ पाकिटातली चकती. कॉम्प्युटरमधलं लिखाण तिच्यावर उतरवून ठेवतात. ती वाकली, भिजली किंवा तिला बुरशी लागली की सगळं गेलं. म्हणून तिला माझ्यासारखं घर लागतं.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी साच्यातून बाहेर पडलो. खाली बदामी अंग, वर धुरकट काचेसारखं झाकण, आत उभे पडदे आणि पुढे एक इवलंसं कुलूप. त्या कुलपाची मला भारी ऐट होती. केसांच्या पिनेनंही ते उघडतं, हे पुढे ऑफिसात गेल्यावर कळलं.

एक्याण्णव साली मधुकररावांनी मला वाशीतल्या दुकानातून आणलं. त्यांचं ऑफिस एपीएमसी मार्केटसमोर पहिल्या मजल्यावर होतं. मार्केटमधल्या आडत्यांचे हिशेब कॉम्प्युटरवर चढवून, मराठीत छापून द्यायचे, हा त्यांचा धंदा. खालून ट्रक मागे घेणाऱ्यांचे आवाज यायचे आणि कांद्याचा वास तर भिंतींत मुरला होता. मला सुमेधाताईंच्या टेबलावर जागा मिळाली. सुमेधाताई म्हणजे टायपिंग करणाऱ्या मुलामुलींच्या प्रमुख. सानपाड्याला राहायच्या, मूळच्या चिपळूणकडच्या. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या, आणि पोटासाठी कॉम्प्युटर शिकलेल्या.

त्या ऑफिसची भाषा बाहेरच्या माणसाला कळायची नाही. कॉम्प्युटरचे शब्द इंग्रजी आणि समोर मार्केट, त्यामुळे दोघांची सरमिसळ झाली होती. फ्लॉपीला म्हणायचे ‘टेम्पो’, कारण माल इकडून तिकडे तीच नेते. जिला व्हायरस लागलाय ती फ्लॉपी म्हणजे ‘सडका कांदा’. दिवसभराचं टायपिंग म्हणजे ‘हमाली’. फाईल बिघडून आकडे इकडेतिकडे पसरले की ‘गोणी फुटली’. यातले निम्मे शब्द आशुतोषनं काढलेले. आशुतोष प्रोग्रॅम लिहायचा. हुशार, हसरा, आणि त्याच्या जिभेला क्षणाचीही उसंत नव्हती.

नव्या मुलींना ही भाषा समजेना, म्हणून सुमेधाताईंनी दोन पानांचा एक कोश टाइप केला. शब्द, अर्थ आणि वाक्यात उपयोग. मुली हसत हसत वाचायच्या आणि आठवड्याभरात तसंच बोलायला लागायच्या. पुढच्या वर्षी काही शब्दांचे अर्थ बदलले, काही नवे आले. सुमेधाताईंनी कोश सुधारला. पण जुना पुसला नाही. दोन्ही वेगवेगळ्या फ्लॉपींवर घेतले, वर पेननं लिहिलं ‘कोश, दिवाळी ९१’, ‘कोश, दिवाळी ९२’, आणि माझ्या मागच्या कप्प्यात ठेवून दिले.

मधुकररावांना हे पटलं नाही. “अहो, नवीन झालाय ना तयार? मग जुन्या फ्लॉपीवर दुसरं काहीतरी घ्या की.”

“सर, ब्याण्णवच्या कोशात ‘ताडपत्री टाकणं’ म्हणजे काम सेव्ह करणं,” सुमेधाताई म्हणाल्या. “एक्याण्णवच्यात ताडपत्री म्हणजे मशीनवर घालायचं प्लॅस्टिकचं कव्हर. एका वर्षात कव्हराचं सेव्ह कसं झालं, हे जुना पुसला तर कुणाला कळणार?”

“कुणाला कळायला पाहिजे?”

“मला,” त्या म्हणाल्या.

मधुकरराव हसले आणि निघून गेले. त्या दिवसापासून कोशाच्या फ्लॉपी सुमेधाताई स्वतःच्या आणायला लागल्या. खाडीवरची दमट हवा फ्लॉपींना सोसत नाही. पावसाळ्यात त्या माझ्यात नव्या बुटांच्या खोक्यांतून येणाऱ्या पांढऱ्या खड्यांच्या पुड्या ठेवायच्या, आणि पावसाळा सरला की एकेक जुनी आवृत्ती नव्या फ्लॉपीवर उतरवून घ्यायच्या. एक अक्षरही बदलायच्या नाहीत. जुन्यातली शुद्धलेखनाची चूकसुद्धा तशीच ठेवायच्या.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात शर्मिला आली. तुर्भ्याच्या वस्तीत राहणारी, अंगानं बारीक, बोलणं नेमकं. तिचे वडील रावसाहेब जोगदंड माजलगावकडून येऊन तिथल्याच एका कारखान्यात कामाला लागलेले. खुर्चीत बसून करायची नोकरी त्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणाला तरी मिळाली होती. पहिल्या दिवशी ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, हे मला आठवतं.

कामाला लागून थोडेच दिवस झाले असतील. आशुतोषनं जाता जाता तिला एक जुनी फ्लॉपी साफ करायला सांगितली. “फॉरमॅटची कमांड दे. मशीननं काही विचारलं की वाय दाब. टेन्शन घेऊ नकोस.” साफ कुठली जागा करायची याचंही एक अक्षर द्यावं लागतं. ए म्हणजे फ्लॉपी, सी म्हणजे मशीनचं पोट. हा फरक तिला कुणी सांगितलेला नव्हता. मशीन सुरू झालं की पडद्यावर सी दिसतं, म्हणून तिनं सी दिलं. मशीननं इंग्रजीत बजावलं, तिनं सांगितल्याप्रमाणे वाय दाबलं.

कांद्याच्या एका मोठ्या आडत्याचा अख्ख्या हंगामाचा हिशेब गेला. त्याची प्रत फ्लॉपीवर असायला हवी होती. ती काढणं आशुतोषचं काम, आणि त्यानं ती बरेच दिवस काढली नव्हती. माझा तो कप्पा रिकामाच होता.

मधुकरराव खूप बोलले. शर्मिला ऐकून घेत उभी राहिली. मग तिनं ऑफिसातच पडून असलेले त्या आडत्याच्या पावत्यांचे गठ्ठे काढले आणि टायपिंगला बसली. इतर मुलींनीही हात लावला, पण जास्तीत जास्त तिनंच केलं. हिशेब पुन्हा उभा राहिला, आडत्याला पत्ताही लागला नाही. प्रकरण तिथं मिटायला हवं होतं.

ते मिटलं नाही, कारण त्याचा शब्द झाला. एकदा लाइट गेली आणि कुणाचं तरी काम उडालं, तेव्हा आशुतोष म्हणाला, “शर्मिला झाली वाटतं.” सगळे हसले. शर्मिलाही हसली. मी टेबलावरून माणसं बरीच पाहिली आहेत. आपल्यावर हसणारे खूप असले की माणूस त्यांच्यात सामील होतो. वेगळं उभं राहण्यापेक्षा ते सोपं वाटतं. पण समोरचे समजतात की याला चालतंय.

त्या दिवाळीच्या कोशात तो शब्द आला. सुमेधाताईंनीच लिहिला. ‘शर्मिला होणे: सगळं काम एका फटक्यात पुसलं जाणे. उदा. प्रत काढून ठेव, नाहीतर शर्मिला होईल.’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ऑफिसात बोलला जाणारा शब्द कोशात यायलाच हवा, एवढाच त्यांचा हिशेब.

वर्षं गेली. मोठ्या लवचीक फ्लॉपी जाऊन लहान, कडक फ्लॉपी आल्या. माझे कप्पे त्यांच्या मापाचे नव्हते, त्या माझ्यात खुळखुळायच्या. लाइट गेली तरी मशीन चालू ठेवणारी बॅटरी आली, तिलाच ताडपत्री म्हणायला लागले आणि त्या शब्दाचा अर्थ पुन्हा बदलला. शर्मिला आता नव्या मुलींना शिकवायला लागली होती. शिकवताना ती ए आणि सी यांतला फरक सगळ्यांत आधी सांगायची. मुली तिला जोगदंड मॅडम म्हणायच्या. तिचं पहिलं नाव फक्त जुन्यांना ठाऊक होतं. ‘शर्मिला झाली’ हे मात्र सगळे म्हणायचे.

शहाण्णव साली जाई नावाची मुलगी शिकायला आली. एके दिवशी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, “जोगदंड मॅडम, माझी पूर्ण शर्मिला झाली. सकाळपासूनचं सगळं गेलं.”

शर्मिलानं तिच्या मशीनवर पाहिलं, दोन बटणं दाबली, आणि अर्धंअधिक परत आणलं. जाईचा जीव भांड्यात पडला.

“मॅडम, एक विचारू? शर्मिला हा कशाचा शॉर्टफॉर्म आहे? मी पुस्तकात शोधला, सापडला नाही.”

शर्मिलानं जाईची फाईल सेव्ह केली. “शॉर्टफॉर्म नाही,” ती म्हणाली. “माझं नाव आहे ते.”

जाई गोरीमोरी झाली. शर्मिलानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “तुझं काय चुकलं त्यात? बस. पुढचं कर.”

जेवणाच्या सुट्टीत ती सुमेधाताईंच्या टेबलापाशी आली. जेवणाचा डबा तिनं उघडलाच नव्हता. “ताई, कोशातला तो शब्द काढा.”

सुमेधाताईंना कोणता म्हणून विचारावं लागलं नाही. “इतकी वर्षं तू काही बोलली नाहीस गं.”

“इतकी वर्षं कुणी विचारलं नाही.”

सुमेधाताईंचा चेहरा उतरला. “काढते,” त्या म्हणाल्या. “यंदाच्या कोशात तो असणार नाही. आणि ऑफिसातही कुणी म्हणायचा नाही, मी सांगते सगळ्यांना.”

त्यांनी शब्द पाळला. आशुतोषला त्यांनी बाजूला नेऊन सांगितलं. तो आधी म्हणाला, “अहो ताई, मस्करीत चालतं एवढं.” पण दुसऱ्या दिवशी त्यानं शर्मिलापाशी जाऊन सॉरी म्हटलं. ती म्हणाली, “बरं.” दिवाळीत नवा कोश निघाला. त्यात ‘व’च्या पुढचा तो शब्द नव्हता.

पण मी सुमेधाताईंचा डबा. माझ्या मागच्या कप्प्यात त्र्याण्णव, चौऱ्याण्णव आणि पंचाण्णव शहाणपणानं गप्प बसले होते. काही दिवसांनी शर्मिला एक कोरी फ्लॉपी शोधायला माझं झाकण उघडून बसली आणि एकेक लेबल वाचत गेली. त्र्याण्णवची फ्लॉपी तिनं मशीनमध्ये घातली. माझ्या जागेवरून मला पडदा दिसत होता. शब्द तिथं होता. उदाहरणासकट.

ती फ्लॉपी हातात घेऊन ती सुमेधाताईंकडे गेली. “काढलं म्हणाला होता ना, ताई?”

“नव्यातून काढलं.” सुमेधाताई उभ्या राहिल्या. “जुन्या आवृत्त्या मी बदलत नाही, शर्मिला. एकदा एक शब्द बदलला की त्या जुन्या राहतच नाहीत. मग कुणीही म्हणेल, हे काढा, ते घाला. तेव्हा आपण जे बोललो ते बोललो. चांगलं असो, वाईट असो.”

“ते खरंय तुमचं. पण बोलले सगळे, आणि नाव राहिलं माझं.”

सुमेधाताईंनी तिच्या हातातली फ्लॉपी घेतली, उरलेल्या दोन माझ्यातून काढल्या आणि तिन्ही शर्मिलापुढे ठेवल्या. “तूच ठरव. पुसायच्या असतील तर पूस. मी काही म्हणणार नाही.”

शर्मिलानं फ्लॉपींना हात लावला नाही. “हे माझ्यावर टाकू नका. लिहिलंय तुमी, जपलंय तुमी. आता पुसायचं पण मीच का? आधीच पुसण्याला माझं नाव लावलंय.”

ती खुर्ची ओढून बसली. आवाज चढला नव्हता. “तुमाला एक सांगते. आमचे आजोबा होते भैरू. गावात त्यांना लहान पोरंसुद्धा ‘ए भैऱ्या’ म्हणायची. साठ वर्षांचे झाले तरी भैऱ्याच. म्हणून मुलगा झाला तेव्हा त्यांनी नाव ठेवलं रावसाहेब. आता कुणाला माझ्या बापाला हाक मारायची, तर तोंडातून रावसाहेबच निघणार. दुसरा इलाजच ठेवला नाही त्यांनी. आणि माझं नाव पपांनी ठेवलं. किती दिवस विचार करून ठेवलं, ते आई अजून सांगते. आमच्याकडं नाव म्हणजे अशी गोष्ट आहे. पपा मला रोज विचारतात, ऑफिसात काय म्हणतात तुला. मी सांगते, मॅडम म्हणतात.”

बाहेर कुणीतरी ट्रकचा हॉर्न दाबून धरला होता. सुमेधाताईंनी तिन्ही फ्लॉपी उचलून पुन्हा माझ्यात ठेवल्या.

सुमेधाताईंनी मला त्या दिवशी घरी नेलं. सानपाड्याच्या त्यांच्या घरात खिडकीपाशी ठेवलं. रविवारी सकाळी चहा घेऊन त्या माझ्यासमोर बसल्या आणि फ्लॉपी काढून पुन्हा आत ठेवत राहिल्या. पुसावं, तर शर्मिलावर जे गुदरलं त्याचा पुरावाच जाणार. पुढे कुणी म्हटलं, आमच्या ऑफिसात कधी असं झालंच नाही, तर दाखवायला काही उरणार नाही. ठेवावं, तर पुढचा वाचणारा पुन्हा हसणार. मला वाटतं, त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा उमगलं की जपणारा माणूस नुसता बाजूला उभा नसतो. काय जपलं याचा जाब त्यालाच द्यावा लागतो.

सोमवारी त्यांनी एक पान टाइप केलं आणि शर्मिलाला वाचायला दिलं. त्या कोशातल्या एका शब्दाची हकीकत त्यात होती. शर्मिलाला फॉरमॅट करायला कुणी सांगितलं, काय सांगितलं नाही, प्रत काढायचं काम कुणाचं होतं आणि ते कसं राहिलं, हिशेब पुन्हा कुणी उभा केला, शब्द कुणी काढला, आणि कोशात कुणी लिहिला. शेवटी आपलं स्वतःचं नाव घालून लिहिलं होतं की अर्थ लिहिताना एवढं सगळं माहीत असून मी लिहिलं नाही.

शर्मिलानं लाल पेन मागून घेतलं. “हे ‘बिचारीने’ काढा.”

“बरं.”

“आणि मी रडले असं लिहिलंय. मी रडले नव्हते.”

“तुझे डोळे...”

“रडले नव्हते, ताई.”

सुमेधाताईंनी मान हलवली. “काढते.”

“माझं नाव पूर्ण लिहा. शर्मिला रावसाहेब जोगदंड. आणि मी हा शब्द बंद करायला सांगितला, तेही लिहा. सालासकट.”

आशुतोषलाही ते पान दाखवलं. त्यानं ते दोनदा वाचलं. स्वतःच्या नावापाशी थांबला. “माझं आडनाव पण टाका मग,” तो म्हणाला. “तिचं पूर्ण आहे तर माझंही पूर्ण पाहिजे.” मग त्यानंच एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. त्या तीन फ्लॉपींपैकी कोणतीही मशीनमध्ये घालून कोश उघडायचा म्हटला, की आधी ते पान पडद्यावर येणार. ते शेवटपर्यंत सरकवलं की मगच कोश उघडणार. कोशाचं अक्षर मात्र एकही बदललं नाही.

शर्मिलानं तिन्ही फ्लॉपी एकामागून एक घालून पाहिल्या. तिचं पूर्ण नाव पडद्यावर आलं तेव्हा तिनं ते हळू आवाजात वाचलं. मग म्हणाली, “राहू द्या आता.” आणि फ्लॉपी तिनं स्वतःच्या हातानं माझ्यात ठेवल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. आडत्यांनी हळूहळू स्वतःचे कॉम्प्युटर घेतले आणि मधुकररावांचं काम आटत गेलं. आशुतोष चांगली नोकरी लागून बंगळूरला गेला. सुमेधाताईंच्या नवऱ्याची बदली नागपूरला झाली. निघायच्या दिवशी त्यांनी मला उचललं आणि शर्मिलाच्या टेबलावर ठेवलं. “कोश चालू ठेवलास तर बरं वाटेल. नाही ठेवलास तरी चालेल,” एवढंच बोलल्या. शर्मिलानं दोन दिवाळ्या नवी आवृत्ती काढली. तिनं एक पद्धत नवीन घातली. शब्दात कुणाचं नाव असेल, तर आधी त्या माणसाला जाऊन विचारायची. बहुतेक जण नको म्हणायचे. मग तो शब्द कोशात यायचा नाही.

नव्याण्णवच्या हिवाळ्यात ऑफिस बंद झालं. शर्मिलाला वाशीतच एका पतपेढीत नोकरी मिळाली. शेवटच्या आठवड्यात ती मला पिशवीत घालून सीडी करून देणाऱ्या दुकानात घेऊन गेली. फ्लॉपींवर आता भरवसा राहिला नव्हता, एक्याण्णवची तर वाचताना मशीन घरघरत होतं.

दुकानदारानं सगळ्या फ्लॉपी काउंटरवर मांडल्या, लेबलं वाचली आणि म्हणाला, “मॅडम, हे सगळं एकच दिसतंय. दर वर्षाचं तेच. शेवटचं तेवढं घेऊ का? जुन्याचं काय काम?”

शर्मिलानं त्र्याण्णवची फ्लॉपी उचलून त्याच्या हातात दिली.

“सगळ्या घ्या,” ती म्हणाली. “आणि साल पुढंमागं करू नका. होत्या तशाच ठेवा.”

तो काम करत होता तोवर ती काउंटरपाशी उभी राहिली, आणि ते पान पडद्यावर आलं तेव्हा तिनं त्याला ते घाईनं पुढे सरकवू दिलं नाही.

आता मी रिकामा आहे. माझ्या झाकणाला तडा गेलाय, कुलपाची किल्ली हरवलीय. शर्मिलानं सानपाड्याला भाड्यानं घर घेतलंय, तिथल्या फळीवर मी असतो. माझ्यात रावसाहेबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या असतात, आणि माझे उभे पडदे सकाळच्या, दुपारच्या, संध्याकाळच्या गोळ्या वेगळ्या ठेवायला चांगले कामी येतात. फ्लॉपी गेल्या याचं मला दुःख नाही. त्यांच्यावरचं लिखाण सुखरूप पोचलंय.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरात, ऑफिसात काही नवं लिहून झालं की जुन्यावर लगेच बोळा फिरवू नका. आणि जपायला घ्याल, तेव्हा त्यात कुणाचं नाव आलंय ते एकदा बघा. तो माणूस जवळपास असेल, तर त्याच्याकडे जाऊन बसा. जे लिहिलंय ते त्याला वाचून दाखवा, आणि तो बोलायला लागला की लाल पेन त्याच्या हातात द्या.